प्रार्थनेचा कंट्रोल ग्रुप



आजचा विषय माझ्या लॅबमधला नाही. पण संशोधन कसं वाचायचं, आणि वाचलेलं कुठे बोलू नये, हे मला ज्या प्रसंगातून कळलं त्याबद्दल बरेच दिवस लिहायचं होतं.

तीन वर्षांपूर्वी माझ्या आत्याला स्तनाचा कर्करोग असल्याचं निदान झालं. ती नगरची, उपचार पुण्यात. त्यामुळे दर २१ दिवसांनी केमोसाठी ती, आतोबा आणि माझा पंधरा वर्षांचा आतेभाऊ आमच्या घरी मुक्कामाला असायचे. आमचं कुटुंब मराठी ख्रिस्ती. पणजोबांच्या पिढीपासून नगरच्या एका चर्चशी बांधलेलं. म्हणजे आजारपण आलं की घरात दोन वेळापत्रकं लागतात. एक रक्ताच्या तपासण्यांचं, काउंट किती, पुढची सायकल कधी. दुसरं प्रार्थनेचं, गुरुवारी संध्याकाळी कोण येणार, पाळकसाहेब कधी येणार, उपासाला कोण कोण आहे.

अशाच एका गुरुवारी सगळे निघून गेल्यावर आम्ही जेवायला बसलो. आतोबा म्हणाले, "आज चाळीस जण प्रार्थना करतायत, फरक पडणारच." मी तेव्हा पीएचडीच्या दुसऱ्या वर्षाला होते. या वर्षाला असलेल्या माणसाला सगळं येत असतं. मी म्हणाले, "याच्यावर मोठा अभ्यास झालाय आतोबा. फरक पडत नाही. उलट ज्यांना माहीत होतं की आपल्यासाठी प्रार्थना चालू आहे, त्यांना जास्त त्रास झाला."

आतोबांनी घास खाली ठेवला आणि विचारलं, "मग आम्ही थांबू का?"

मला उत्तर देता आलं नाही. आत्या आत झोपली होती. तिने ऐकलं की नाही, ते मी तिला कधीच विचारलं नाही.

आज त्या अभ्यासाबद्दल आणि एका पुस्तकाबद्दल लिहिते आहे. अभ्यास २००६ सालचा, पुस्तक १९६१ सालचं. दोन्ही एकत्र वाचल्याशिवाय मला माझी चूक नेमकी कुठे झाली ते कळलं नसतं.

अभ्यास काय होता?

आधी अभ्यास, कारण तो खरंच चांगला आहे आणि त्याची चेष्टा करणं सोपं आहे.

हर्बर्ट बेन्सन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या सहा रुग्णालयांत हृदयाची बायपास शस्त्रक्रिया होणार असलेले १८०२ रुग्ण घेतले. चिठ्ठ्या टाकल्यासारखे, म्हणजे रँडम पद्धतीने, त्यांचे तीन गट केले. पहिल्या दोन गटांना सांगितलं, "तुमच्यासाठी प्रार्थना होईल किंवा होणार नाही." यातल्या एका गटासाठी ती झाली, दुसऱ्यासाठी झाली नाही. तिसऱ्या गटाला स्पष्ट सांगितलं की तुमच्यासाठी प्रार्थना होणार, आणि ती झाली. प्रार्थना करणारे तीन ख्रिस्ती गट होते. त्यांना रुग्णाचं पहिलं नाव आणि आडनावाचं आद्याक्षर एवढंच दिलं होतं. शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्रीपासून १४ दिवस प्रार्थना करायची, आणि त्यात शस्त्रक्रिया यशस्वी व्हावी, गुंतागुंत होऊ नये अशा अर्थाचं एक ठरलेलं वाक्य यायलाच हवं.

मग ३० दिवसांत कुणाला काही गुंतागुंत झाली का, ते मोजलं. ज्यांना माहीत नव्हतं पण प्रार्थना झाली, त्यांच्यात ५२ टक्के. ज्यांना माहीत नव्हतं आणि प्रार्थना झाली नाही, त्यांच्यात ५१ टक्के. म्हणजे काहीच फरक नाही. आणि ज्यांना माहीत होतं की प्रार्थना होते आहे, त्यांच्यात ५९ टक्के. हाच तो आकडा, जो मी जेवणाच्या ताटावर वाढला होता.

आता माझी पहिली चूक बघा. या ५९ टक्क्यांचं कारण काय, हे अभ्यास सांगत नाही. कदाचित रुग्ण घाबरले असतील, "माझी तब्येत एवढी वाईट आहे का, की लोकांना प्रार्थनेला बसवलंय?" कदाचित तो योगायोग असेल. संशोधकांनी स्वतः त्यावर सावधपणे लिहिलंय. मी मात्र तो निष्कर्ष असल्यासारखा सांगितला, तोही बायपासच्या रुग्णांवरचा, आणि समोर बसलेला माणूस कर्करोगाच्या रुग्णाचा नवरा होता.

या अभ्यासाआधी उलट बाजूचेही अभ्यास होते. १९८८ मध्ये रँडॉल्फ बर्ड यांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या एका हृदयरोग कक्षातल्या ३९३ रुग्णांवरचा अभ्यास छापला. प्रार्थना झालेल्या गटात काही गोष्टी बऱ्या निघाल्या. चर्चमध्ये हा अभ्यास आजही अधूनमधून ऐकू येतो. पण त्यात सव्वीस प्रकारच्या अडचणी मोजल्या होत्या आणि फरक दिसला तो त्यांपैकी सहांमध्ये. त्या सहाही एकमेकींशी जोडलेल्या आहेत. न्यूमोनिया झाला की अँटिबायोटिक्स आलेच, त्यांना दोन वेगळे पुरावे म्हणता येत नाही. मृत्यूंच्या संख्येत फरक नव्हता. भरपूर गोष्टी मोजल्या की एखादी तरी आपल्या बाजूने पडते, हे आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवतात.

याच मुद्द्यावर २००१ मध्ये लिओनार्ड लिबोविची यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलच्या नाताळ अंकात एक खोडकर निबंध छापला. त्यांनी रक्तात जंतुसंसर्ग झालेल्या ३३९३ रुग्णांच्या जुन्या नोंदी घेतल्या. हे रुग्ण चार ते दहा वर्षांपूर्वी रुग्णालयातून घरी गेले होते, किंवा वारले होते. त्यांचे रँडम दोन गट करून एका गटासाठी आत्ता प्रार्थना करवली आणि मग नोंदी तपासल्या. प्रार्थना झालेल्या गटाचे रुग्णालयातले दिवस आणि तापाचे दिवस कमी निघाले! गणिताच्या दृष्टीने निकाल 'लक्षणीय' होता. प्रश्न असा की जी गोष्ट घडून गेली आहे ती आजच्या प्रार्थनेने बदलली असं मानायला तुम्ही तयार आहात का? नसाल, तर नुसत्या पी-व्हॅल्यूवर विश्वास ठेवून कसं चालेल?

एवढं सगळं मला तेव्हाही माहीत होतं. आतोबांच्या प्रश्नाचं उत्तर मात्र यात कुठेच नव्हतं.

हा प्रयोग आधीच कल्पिणारा माणूस

बेन्सन यांच्या अभ्यासाच्या ४७ वर्षं आधी, १९५९ मध्ये, एका लेखकाने हाच प्रयोग कागदावर मांडून दाखवला होता. तो लेखक सी. एस. लुईस. 'नार्निया'च्या गोष्टींमुळे तुम्ही त्यांना ओळखत असाल. पण ते मध्ययुगीन साहित्याचे प्राध्यापक होते, आणि निरीश्वरवादातून ख्रिस्ती विश्वासाकडे आलेले, त्या विश्वासाची तर्काने बाजू मांडणारे लेखक म्हणून जास्त गाजले होते.

'द एफिकसी ऑफ प्रेयर' या निबंधात ते म्हणतात की समजा, एका रुग्णालयातल्या सगळ्या रुग्णांसाठी काही जणांनी सहा आठवडे प्रार्थना केली आणि दुसऱ्या रुग्णालयासाठी कुणीच केली नाही, मग दोन्हीकडचे निकाल ताडून पाहिले. यातून काय कळेल? त्यांच्या मते काहीच नाही, कारण अशा प्रयोगातली माणसं रुग्ण बरे व्हावेत म्हणून प्रार्थना करतच नसतात. ती काय होतं ते बघायला बसलेली असतात. ओठ हलत असले तरी ती प्रार्थना नव्हे. प्रार्थना म्हणजे मागणं आहे, आणि मागणं हे समोरचा नाही म्हणू शकतो हे धरूनच असतं.

मला हा मुद्दा आवडला. प्रयोगाचा आराखडा एवढा नेमका आधी पाहणं सोपं नाही. बेन्सन यांच्या अभ्यासातली अडचणही याने उघडी पडते. अनोळखी माणूस, आद्याक्षर, ठरलेलं वाक्य आणि १४ दिवस. आमच्या घरच्या गुरुवारशी याचा संबंध काय? शिवाय त्या १८०२ जणांच्या घरच्यांना 'तुम्ही प्रार्थना करू नका' असं कुणी सांगितलं नव्हतं, सांगताही आलं नसतं. म्हणजे कंट्रोल ग्रुपलाही ते 'औषध' घरून चालूच होतं. आमच्या लॅबमध्ये कंट्रोलच्या प्लेटमध्ये औषध पडलं तर सर ती प्लेट कचऱ्यात टाकायला लावतात.

पण थांबा. लुईस इथे एक चलाखीही करतात, आणि माझ्या मते ती या निबंधातली सगळ्यात कच्ची जागा आहे.

निबंधाच्या सुरुवातीला ते एक प्रसंग सांगतात. एक बाई, मांडीचं हाड कर्करोगाने खाल्लेलं, इतर हाडांतही आजार पसरलेला. डॉक्टरांनी काही महिने सांगितलेले, नर्सेसनी काही आठवडे. एका भल्या माणसाने तिच्यावर हात ठेवून प्रार्थना केली. वर्षभराने ती बाई रानातल्या चढावर चालत होती, आणि एक्स-रे काढणारा माणूस चकित झाला होता. लगेच पुढे लुईस म्हणतात, अर्थात हा काही पक्का पुरावा नव्हे. मग येतो वरचा मुद्दा, की पुरावा मिळूच शकत नाही.

म्हणजे बघा, पुराव्याचा परिणाम आधी वाचकाच्या मनावर करून घेतला आणि नंतर पुराव्याची जबाबदारी नाकारली. हेच कुणी औषधाबाबत केलं असतं तर आपण त्याला सोडलं नसतं. त्या बाईवर शस्त्रक्रिया आणि किरणोपचार झाले होते हे निबंध सांगत नाही. स्तनाच्या कर्करोगात आजार काही काळ मागे हटणं ही डॉक्टरांच्या परिचयाची गोष्ट आहे, तेही नाही.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट निबंधात नाहीच. ती बाई त्यांची बायको होती.

बायको, एक्स-रे आणि चार वह्या

जॉय डेव्हिडमन न्यूयॉर्कच्या ज्यू घरातली. कवयित्री, एके काळची कम्युनिस्ट, नंतर ख्रिस्ती झालेली, घटस्फोटित, दोन मुलांची आई. १९५६ मध्ये तिला इंग्लंडमध्ये राहता यावं म्हणून लुईस यांनी तिच्याशी नोंदणी लग्न केलं. त्याच वर्षी तिचा पाय मोडला आणि कर्करोग हाडांत पसरल्याचं कळलं. घटस्फोटामुळे ऑक्सफर्डच्या बिशपांनी चर्चच्या लग्नाला परवानगी दिली नाही. मार्च १९५७ मध्ये पीटर बाइड नावाच्या धर्मगुरूंनी रुग्णालयात पलंगाशेजारीच लग्न लावलं आणि तिच्यावर हात ठेवून प्रार्थना केली. मग खरंच ती बरी व्हायला लागली. दोघं आयर्लंडला जाऊन आली. निबंध छापला गेला त्याच वर्षी आजार परतला. एप्रिल १९६० मध्ये ती दोघं ग्रीसला गेली, आणि १३ जुलै १९६० रोजी जॉय वारली. तेव्हा ती ४५ वर्षांची होती.

त्यानंतर घरात सापडलेल्या कोऱ्या वह्यांमध्ये लुईस लिहीत गेले. चौथी वही संपली तिथे थांबायचं असं त्यांनी ठरवलं. तेच पुस्तक 'अ ग्रीफ ऑब्झर्व्हड्'. १९६१ मध्ये ते एन. डब्ल्यू. क्लार्क या टोपणनावाने निघालं. बायकोचा उल्लेख फक्त एका आद्याक्षराने.

हे पुस्तक मी मागवलं ते आत्याचा दुसरा स्कॅन आल्यावर. यकृतात डाग दिसले होते.

मला अपेक्षा होती सांत्वनाची. पुस्तक उलट निघालं. १९४० मध्ये याच माणसाने 'द प्रॉब्लेम ऑफ पेन' लिहून दुःख का असतं याचं नीटनेटकं विवेचन केलं होतं. आमच्या भाषेत सांगायचं तर ते मॉडेल होतं आणि हा डेटा. डेटा मॉडेलमध्ये बसत नाही हे लुईस लपवत नाहीत. ते लिहितात की देव नाही असं वाटण्याची भीती त्यांना नाही. भीती ही आहे की देव आहे, आणि तो असाच आहे.

आणि मग ते एक्स-रे पुन्हा येतात. निबंधातले तेच फोटो, तीच सुधारणा. इथे मात्र लुईस चिडून लिहितात की आपल्याला आशा दाखवून दाखवून फसवलं गेलं. चुकीची निदानं, एक्स-रे, अनपेक्षित सुधारणा, जवळजवळ चमत्कार वाटावा असं ते बरं होणं, आणि प्रत्येक वेळी पुढच्या यातनेची तयारी. दुसऱ्या दिवशी ते स्वतःच म्हणतात की काल लिहिलं तो विचार नव्हता, ओरडणं होतं.

मला वाटतं, निबंध आणि पुस्तक शेजारी ठेवून वाचायला हवेत. घटना एकच, निरीक्षक एकच, दोनच वर्षांचं अंतर. पहिल्यांदा ती घटना साक्ष म्हणून येते, दुसऱ्यांदा जखम म्हणून. निबंधातला लेखक 'एक बाई' म्हणत होता तोपर्यंत त्याला सावध, समतोल राहता येत होतं. मीही जेवणाच्या टेबलावर 'रुग्णांना' म्हणत होते. आत्या आतल्या खोलीत होती.

ओरडणं मागे घेतलं तरी लुईस यांनी ते खोडलं नाही, छापलं. पुस्तकाचं मोठेपण मला त्यातच वाटतं. आमच्या गुरुवारच्या बैठकीत ओरडायला जागा नव्हती. एक जण दर वेळी म्हणायचे, "विश्वासात कमी पडू नका." मग स्कॅनमध्ये वाढ दिसली की हिशेब आपोआप लागतो, की कुणीतरी कमी पडलं. कोण? आत्या? हा प्रश्न कुणी मोठ्याने विचारला नाही, पण ती हळूहळू "बरं वाटतंय" एवढंच बोलायला लागली. उलट्या होत असतानासुद्धा. पवित्र शास्त्रात ईयोबाचं आख्खं पुस्तक आहे, त्यात ईयोब पानंच्या पानं तक्रार करतो, आणि शेवटी देव रागावतो तो त्याला समजावायला आलेल्या मित्रांवर. स्तोत्रसंहितेतली किती तरी स्तोत्रं निव्वळ गाऱ्हाणी आहेत. आमच्याकडे ती वाचली जायची, पण त्यांचा आवाज कुणी उचलत नव्हतं.

निरीक्षणातली चूक

आता पुस्तकाची तक्रार. शीर्षकात निरीक्षण आहे, पण निरीक्षक फक्त स्वतःकडे बघतो. जॉय आजारी असताना तिला कोण उचलत होतं, रात्री कोण जागत होतं, भाऊ वॉर्नी त्याच घरात राहत होता त्याचं काय, हे जवळपास नाहीच. कुटुंबात कर्करोग येतो तेव्हा दुःख हे पाळीपाळीने करायचं काम असतं. डबा कोणी न्यायचा, फाइल कुणाकडे आहे, घरी फोन करून काय सांगायचं. हे पुस्तक वाचून वाटतं की दुःख म्हणजे एक पुरुष, एक वही आणि देव.

यातली सगळ्यात महाग चूक मुलांबाबतची आहे. जॉयची मुलं, डेव्हिड आणि डग्लस, आई गेली तेव्हा १६ आणि १४ वर्षांची होती. लुईस लिहितात की त्यांच्याशी आईबद्दल बोलायला जावं तर त्यांच्या चेहऱ्यावर संकोच दिसतो, जणू आपण काही अश्लील बोलतोय. त्यांना बाप नकोसा झालाय असं वाटावं असं ते वर्णन आहे.

अनेक वर्षांनी डग्लस ग्रेशॅम यांनी याच पुस्तकाला प्रस्तावना लिहिली, आणि तिथे ही नोंद दुरुस्त केली. संकोच होता, पण आईच्या विषयाचा नव्हता. इंग्लिश शाळेने शिकवलं होतं की मुलग्याने चारचौघांत रडणं यासारखी लाज नाही. आईचं नाव निघालं की आपण रडू, आणि त्याहून वाईट म्हणजे समोरचे लुईसही रडतील, ही धास्ती होती. म्हणजे निरीक्षण बरोबर होतं, अर्थ चुकला होता. आणि ज्याला विचारायचं तो मुलगा त्याच घरात होता!

हे वाचलं आणि मला माझा आतेभाऊ आठवला. गुरुवारी प्रार्थना सुरू झाली की तो कोपऱ्यात इअरफोन लावून बसायचा. आतोबा खजील व्हायचे, आई डोळे वटारायची. मी मनातल्या मनात त्याला माझ्या बाजूचा धरला होता, म्हटलं हा पण विज्ञानवाला. पुस्तक वाचून झाल्यावर मी त्याला विचारलं, काय ऐकतोस रे? तो म्हणाला, "काही नाही ताई. बंदच असतात. पण पप्पा प्रार्थना करताना त्यांचा आवाज फाटतो ना, तेव्हा लावलेले बरे पडतात. कुणी माझ्याकडे बघत नाही."

मग विचारायचं काय?

'प्रार्थनेने रोगी बरा होतो का' हा प्रश्न बाजूला ठेवून काही संशोधकांनी वेगळा प्रश्न विचारला आहे. विश्वास असलेलं कुटुंब शेवटच्या टप्प्यात निर्णय कसे घेतं? हा प्रश्न मोजता येतो, आणि घरात उपयोगीही पडतो.

२००९ मध्ये अँड्रिया फेल्प्स आणि सहकाऱ्यांनी अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमध्ये एक अभ्यास छापला. बळावलेल्या कर्करोगाच्या ३४५ रुग्णांना आधी विचारलं होतं की आजाराला तोंड देताना ते धर्माचा आधार किती घेतात. मग त्यांच्या मृत्यूपर्यंत नोंद ठेवली. ज्यांचा हा आधार जास्त होता त्यांच्यापैकी १३.६ टक्के जणांना शेवटच्या आठवड्यात व्हेंटिलेटर किंवा हृदय पुन्हा सुरू करण्याचे प्रयत्न असे उपचार झाले. कमी आधारवाल्यांत हे प्रमाण ४.२ टक्के होतं.

हा रँडम प्रयोग नाही, त्यामुळे 'विश्वासामुळे असं होतं' असं म्हणता येणार नाही. पण आमच्या घरात हे डोळ्यांसमोर घडत होतं. डॉक्टर म्हणाले, आता केमोचा उपयोग नाही, त्रास कमी करण्यावर भर देऊ. आतोबांना ते मान्य करणं म्हणजे देवाला 'तुझ्याकडून होणार नाही' असं सांगण्यासारखं वाटत होतं. ते दुसऱ्या शहरातल्या रुग्णालयाची चौकशी करत होते, शेत विकायचं बोलत होते.

याच गटातल्या संशोधकांचा, ट्रेसी बाल्बोनी आणि सहकाऱ्यांचा, २०१३ चा अभ्यास मला जास्त महत्त्वाचा वाटतो. चर्चसारख्या धार्मिक समुदायाचा भक्कम आधार असलेल्या रुग्णांमध्ये शेवटी जोरकस उपचारांचं प्रमाण जास्त दिसलं. पण अशाच रुग्णांशी जेव्हा उपचार करणाऱ्या टीमनेही त्यांच्या श्रद्धेबद्दल विचारपूस केली होती, तेव्हा ते प्रमाण कमी होतं आणि वेदनाशामक सेवा जास्त घेतली गेली होती. पुन्हा, हा सहसंबंध आहे, कारण नव्हे. पण दिशा बघा. चर्चवाले उपचारांबद्दल बोलत नाहीत, डॉक्टर देवाबद्दल बोलत नाहीत, आणि घरचे मधल्या मध्ये.

आमच्याकडे कुणी विचारलं? विचारलं. रुग्णालयात समुपदेशन करणाऱ्या एक बाई होत्या, स्वतः ख्रिस्ती नव्हेत. एका दुपारी आम्ही तिघं खोलीत असताना त्यांनी आत्याला सहज विचारलं, "मावशी, तुम्ही रोज प्रार्थना करता ना? काय मागता?"

आत्या म्हणाली, "नाताळला आपल्या घरी असावं, एवढंच मागते. बाकी हे मागतातच."

आतोबा तिच्याकडे बघत राहिले. चार महिने चाळीस माणसं तिच्यासाठी प्रार्थना करत होती, आणि ती स्वतः काय मागते हे आमच्यापैकी कुणी विचारलं नव्हतं. मी तर नाहीच. माझ्याकडे आकडे होते.

त्या महिन्यात आम्ही तिला नगरला नेलं. वेदनेचं औषध कसं द्यायचं ते आतेभाऊ शिकला, वहीत वेळा लिहून ठेवायचा. नाताळला तिला खुर्चीवर बसवून पुढच्या खोलीत आणलं होतं. करंज्या शेजारच्यांनी केल्या. जानेवारीत ती गेली, घरी.

याला प्रार्थनेचं उत्तर म्हणायचं का? आतोबा म्हणतात. मी यावर अभ्यास काढून दाखवत नाही आता. पण मी वरच्या एकाही आकड्यावरून मागेही हटत नाही. अनोळखी माणसाच्या प्रार्थनेने गुंतागुंत कमी होते याला पुरावा नाही, आणि 'विश्वास वाढवा, केमो सोडा' म्हणणारा कुणी भेटला तर ते ठणकावून सांगायलाच हवं. आतोबा मात्र केमो सोडा म्हणत नव्हते. ते दर २१ दिवसांनी तिला बसमधून घेऊन येत होते. त्यांनी मला पुरावा मागितलाच नव्हता.

तुमच्या घरात असं आजारपण असेल आणि तुम्ही माझ्यासारखे पेपर वाचणारे असाल, तर एवढंच सुचवते. बेन्सन यांचा अभ्यास वाचा, लुईस यांचं पुस्तक वाचा आणि त्यातली डग्लसची प्रस्तावना वगळू नका. पण त्याआधी आतल्या खोलीत जाऊन जिला आजार आहे तिला विचारा, तू काय मागतेस?

आतोबांच्या प्रश्नाचं उत्तर मी या वर्षी दिलं. पहिल्या स्मरणदिनाच्या उपासनेनंतर भांडी आवरताना म्हणाले, "आतोबा, तुम्ही तेव्हा विचारलं होतंत ना, थांबू का म्हणून. थांबायचं काही कारण नव्हतं. मी चुकीचं बोलले."

ते म्हणाले, "आम्ही कुठे थांबलो होतो? तू ती पातेली पुसून ठेव."